नदीतला दगड जिथल्या तिथे असू द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जंगलातल्या नदीकाठच्या उद्यानांवर पानभर मजकूर होता. पायवाटा कशा असतात, प्राणी कोणत्या वेळी दिसतात, गळ टाकायला परवानगी लागते का, सोबत काय न्यावं, सगळं नीट लिहिलेलं. मजकुराबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते वरच्या मोठ्या फोटोबद्दल. नदीच्या पात्रात एकावर एक रचलेले सात गोटे, मागे धूसर झाडी, पाण्यावर सकाळचं ऊन. फोटो फार देखणा आला आहे, कापून ठेवावा असा, आणि म्हणूनच लिहायला बसले. पुढच्या सुट्टीत तो बघून जाणारी माणसं नदीवर पोचल्यावर पहिलं काम तेच करणार.

मी 31 वर्षं अशा नद्यांवर गळ घेऊन जाते आहे. बाईमाणूस कंबरभर पाण्यात काठी धरून उभी आहे म्हटल्यावर काठावर थांबून बघत राहणारे अजून भेटतात. त्यांना मी उत्तर देत नाही, मासा लागला तर दाखवते. लागला नाही तर तेही आपल्या वाटेने जातात.

गळ टाकायला मला मामाने शिकवलं. पहिल्या दिवशी त्याने काठी हातात दिलीच नाही. मला उथळ, खळाळत्या पाण्यात उभं केलं आणि म्हणाला, "एक गोटा उचल. सावकाश. दोन्ही हात खालून घाल." मी उचलला, उलटा केला. खालची बाजू हलत होती! मला तर आधी दगडालाच पाय फुटल्यासारखं वाटलं. चपट्या, लिंबाच्या बी एवढ्या अळ्या उजेडापासून पळत दुसऱ्या कडेला चालल्या होत्या. काहींच्या शेपटीला तीन दोरे, काहींच्या दोन. तीनवाले बहुतेक मेफ्लायचे, दोनवाले स्टोनफ्लायचे (दोन्ही लहानपणी पाण्यात राहणारे, मोठेपणी उडणारे किडे), हे मामाने तिथेच सांगितलं. एका खाचेत वाळूचे कण चिकटवून केलेली नळकांडी होती, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, आणि त्यातल्या एकीतून काळं डोकं बाहेर आलं, आम्हाला बघितलं असावं, परत आत गेलं. ती कॅडिसफ्लायची अळी. ती पाण्याखाली रेशीम कातते आणि त्या रेशमाने वाळूचा एकेक कण जोडून स्वतःभोवती घर बांधते. ओल्यात चिकटणारा डिंक आपल्याला अजून धड करता येत नाही, ही एवढीशी अळी तो तोंडातून काढते. दगडाला नाण्यासारखं काहीतरी घट्ट चिकटलेलं होतं, ते मी नखाने खरवडायला गेले तर मामाने हात धरला. तीही एका भुंग्याची अळी होती.

"मासा इथे काय खातो ते आधी बघ, मग गळाला काय लावायचं ते ठरव," मामा म्हणाला. आणि मग, "आता ठेव. होता तसाच. शेवाळाची बाजू वर." मी ठेवला. त्याने वाकून बघितलं, म्हणाला, "खड्डा तुझ्या उजव्या हाताला होता." मला परत उचलायला लावला. त्या दिवशी एकही मासा मिळाला नाही आणि मी चिडले होते, हेही सांगून टाकते.

तर पुरवणीतल्या फोटोतले सात गोटे म्हणजे सात घरं होती. ती कोणीतरी पाण्यातून उपसून उन्हात मांडली. चुनखडीच्या भिंतीसारखे पांढरे पडलेले, स्वच्छ दिसत होते ना? ते शेवाळ वाळून पांढरं पडलेलं.

हे किडे म्हणजे काही क्षुल्लक भानगड नाही. ब्रिटनमध्ये नदीच्या तब्येतीला गुण द्यायची एक जुनी पद्धत आहे. त्यात तपासनीस पात्रात उतरून 3 मिनिटं पायाने तळ ढवळतो, वाहत येईल ते जाळीत धरतो आणि कोणकोणत्या कुळांचे किडे निघाले त्यावरून गुण मांडतो. स्टोनफ्लायच्या बहुतेक कुळांना 10 पैकी 10, गढूळ, घाण पाण्यातही तग धरणाऱ्या गांडुळवर्गी किड्यांना 1. स्टोनफ्लायला थंड आणि प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाणी तापलं किंवा नासलं की सगळ्यात आधी तेच नाहीसे होतात. कोणी म्हणेल, मग शास्त्रज्ञही तळ ढवळतातच की. ढवळतात. ठरावीक जागी, 3 मिनिटं. पावसाळा सोडून सगळ्या सुट्ट्यांना दिवसभर नव्हे.

मासे पकडणाऱ्यांना माहीत असतं की दिवस मावळला की मासा वर येतो, चावू लागतो. त्याचं एक कारण या दगडांखालीच आहे. अंधार पडायला लागला की दगडांखालच्या अळ्या चरायला बाहेर येतात, त्यातल्या काही पकड सुटून प्रवाहाबरोबर वाहतात आणि खालच्या डोहाच्या तोंडाशी मासे तोंड उघडून बसलेले असतात. वरच्या उथळातले गोटे काढले तर खालच्या डोहातलं ताट रिकामं. मेफ्लायच्या एका गटातली मादी अंडी घालायला पाण्याबाहेर डोकं काढलेला दगड शोधते, त्याच्या कडेने चालत पाण्याखाली उतरते, पंखांभोवती हवेचा पातळ थर घेऊन, आणि दगडाच्या पोटाला अंडी चिकटवते. मनोरा रचणारा हात नेमका कोणता दगड आधी उचलतो? जो पाण्याबाहेर दिसतो तो.

आपल्याकडचा मल्या घ्या. बोटभर मासा, हनुवटीखाली चोषकासारखी गोल चकती, तिने तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो आणि शेवाळ खरवडून खातो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांचं वर्णन केलं तेव्हा इथल्या लोकांकडून ऐकलेली नावंच शास्त्रीय नावांत घातली, म्हणून हा मासा आज जगभर 'गारा मुल्या' आहे. मला याची फार गंमत वाटते. नदीवरच्या कोणा अनामिक माणसाच्या तोंडचा शब्द शास्त्राच्या वहीत कायमचा जाऊन बसला. पण त्या मल्याला चिकटायला दगड हवा, आणि दगडावर पाणी हवं.

बेडकांचंही तसंच. सह्याद्रीच्या दक्षिण भागातल्या जंगलओढ्यांत नाचरे बेडूक आहेत. पाण्याच्या आवाजात हाक ऐकू जात नाही म्हणून नर ओल्या दगडावर बसून मागचा पाय लांब करून हलवतो, झेंडा दाखवावा तसा. 2014 मध्ये बेडकांचे अभ्यासक एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटातल्या 14 नव्या जातींची नोंद केली. मादी ओढ्याच्या तळात मागच्या पायांनी खड्डा करून अंडी पुरते आणि पिल्लंही तळातल्या वाळू-खडीत लपून वाढतात. म्हणजे त्या उथळात आपण खेळत असतो तेव्हा पायाखाली पाळणाघर असतं.

सगळ्यात ठसठशीत उदाहरण मात्र अमेरिकेतलं आहे. तिथल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात डोंगर, दाट झाडी आणि ओढेच ओढे आहेत. माणसं तिथे अस्वलं बघायला जातात, चालायला जातात, परवाना काढून ट्राउट मासे धरायला जातात. सॅलमँडरच्या, म्हणजे पालीसारख्या दिसणाऱ्या पण बेडकाच्या नात्यातल्या प्राण्याच्या, सुमारे 30 जाती तिथे आहेत. त्यातला हेलबेंडर हा दोन फुटांपर्यंत वाढणारा, सुरकुतलेल्या कातडीचा, कुरूप म्हणावा असा प्राणी (मला तो फार आवडतो, पण माझी आवड प्रमाण धरू नका). तो कातडीनेच श्वास घेतो. मोठा सपाट दगड हे त्याचं घर. मादी त्या दगडाखाली अंडी घालून निघून जाते आणि नर अंडी राखत तिथेच बसतो. दगड हलवला की सगळंच गेलं. त्या उद्यानात पात्रातले दगड हलवायला, रचायला, बांध घालायला बंदी आहे. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाने पूर्वेकडच्या हेलबेंडरला नामशेष होण्याच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घालायचा प्रस्ताव मांडला. गाळ, प्रदूषण अशी कारणं बरीच आहेत, दगडांची उलथापालथ त्यातलंच एक.

आता माझ्यावर गुदरलेली गोष्ट. गेल्या वर्षी मी नऊ वर्षांच्या नातीला घेऊन एका नदी-उद्यानात गेले होते. पहाटे पायवाटेने निघालो. पाणमांजराची विष्ठा एका कातळावर दिसली, तिच्यात माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे चमकत होते. नातीने नाक धरून का होईना, पण वाकून बघितली. खंड्या दोनदा आडवा गेला. ती खूश, मी तिच्याहून खूश. वळणावर पोचलो आणि पाहतो तर उथळाच्या पात्रात मनोरेच मनोरे. मी मोजले, 64. ज्या उथळात मी कितीतरी वर्षं पहिला गोटा उलटून बघत आले, तिथे तळाला नुसती वाळू राहिली होती. वर एक फलक, त्यावर याच मनोऱ्यांचं चित्र आणि फोटो काढायची जागा अशी खूण.

नात पळत गेली आणि रचायला लागली. तिचं काय चुकलं? तिला फलकानेच सांगितलं होतं. मी ओरडले नाही. जवळच्या एका मनोऱ्यातला तिसरा दगड काढला, उलटा केला आणि तिच्यासमोर धरला. वाळूची नळकांडी होती, अकरा. रिकामी नव्हती. एक मी नखाने फोडली, आतली अळी वाळून काडी झाली होती. शेजारी साबुदाण्याहून बारीक अंड्यांचा थर, चामड्यासारखा सुकलेला. नातीने विचारलं, "आजी, आता पाण्यात ठेवला तर जिवंत होतील?" मी नाही म्हणाले. ती बराच वेळ तो दगड हातात घेऊन बसली, मग उठून पाण्यात नेऊन ठेवला. बाजू चुकली होती. मी मामासारखं वागले नाही, तसाच राहू दिला.

परत निघताना तिथल्या कर्मचाऱ्याशी बोलले. साधा, चांगला माणूस. "ताई, लोकांना फोटो पाहिजेत, साहेबांना लोक पाहिजेत," एवढंच म्हणाला. पुढे मी रीतसर पत्र पाठवलं, त्याला आलेलं उत्तर असं की सूचनेची नोंद घेण्यात आली आहे. फलक अजून आहे.

मनोऱ्यांच्या जोडीला आता बांध. पोहायला डोह हवा म्हणून पोरं उथळाच्या आडवी दगडांची भिंत घालतात. मोठी नसते, घोट्याएवढी. पण वर जाऊ पाहणाऱ्या बोटभर माशाला घोट्याएवढी भिंत पुरते. पाणी साचतं, तापतं, तळाशी गाळ बसतो आणि खडीतल्या फटी बुजतात. त्या फटींतून पाणी वाहतं, नदीखालून आणखी एक नदी चाललेली असते म्हणा ना. शिवाय पात्राचा वरचा थर मोठ्या गोट्यांचा असतो, वाहून वाहून एकमेकांत अडकून बसलेला, आणि त्याच्याखाली बारीक खडी आणि वाळू. वरचे गोटे उपसले की पुढच्या लोंढ्याला खालचं सगळं मोकळं सापडतं. मग काठ ढासळला म्हणून ओरडायचं, आणि काँक्रीट ओतायचं.

पात्राबाहेरच्या कोरड्या गोट्यांवर रचलं तर चालेल का, असं एका ओळखीच्यांनी विचारलं. नको. टिटवीची अंडी नुसत्या गोट्यांमध्ये असतात, साधारण चार, आणि इतकी दगडासारखी की पाय पडेपर्यंत कळत नाही.

चालणाऱ्यांसाठीही हे बरं नाही. डोंगरवाटांवर दगडांचे ढिगारे खुणेसाठी असतात आणि त्यांना अर्थ असतो. अमेरिकेतल्या अकेडिया उद्यानात वॉल्ड्रन बेट्स नावाच्या गृहस्थांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अशा खुणेची घडणच ठरवून दिली: दोन पायाचे दगड, त्यावर एक आडवा, त्यावर वाट दाखवणारा छोटा. धुक्यातही कळावं म्हणून. आता हौसेखातर कोणीही कुठेही ढिगारा घालतो. एकदा नदी ओलांडून पुढची खूण शोधताना मी असल्याच एका हौशी ढिगाऱ्याला खूण समजले, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. पाऊण तासाने वेताच्या जाळीत अडकले तेव्हा अक्कल आली. अंधार पडायच्या आत मूळ वाटेला लागले हे नशीब, पण ओल्या कातळावर घसरून कोपर फोडून घेतलं आणि काठीचं रीळ मोडलं. रिळाचं दुःख कोपरापेक्षा जास्त टिकलं.

आम्ही गळवाले तरी कुठे साधू आहोत? अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला 1992 सालचा एक अभ्यास मी वाचला आहे. ट्राउट माशाची मादी शेपटीने खडी उकरून त्यात अंडी पुरते. अंडी वाढत असताना रोज दोनदा त्या खडीवरून माणूस चालला तर 83 टक्के किंवा त्याहून जास्त अंडी-पिल्लं मेली, आणि अंडी फुटायच्या जरा आधी एकदाच चालला तरी 43 टक्क्यांपर्यंत. हे वाचलं त्या दिवसापासून मी विणीच्या काळात उथळात पाय घालत नाही, काठावरून जमेल तेवढं टाकते. मासे कमी मिळतात. आणि मामाची ती सवय, जाईन तिथे गोटा उलटायची, तीही सोडली आहे. एका फेरीत एकच दगड, तोही नवीन जागी गेले तरच.

संपादक महाराज, माझी मागणी मोठी नाही. उद्यानांनी फलक बदलावेत, त्यावर दगडाच्या खालच्या बाजूचा मोठा फोटो लावावा, लोक बघतील. रखवालदारांनी दर आठवड्याला मनोरे मोडून दगड पाण्यात सोडावेत. फेकू नयेत, सोडावेत, शेवाळाची बाजू वर. आणि तुम्ही असे फोटो छापू नयेत.

सोबत मी काढलेला एक फोटो जोडते आहे. त्याच नदीचा, त्या वळणाच्या वरच्या अंगाचा, जिथे वाट अवघड असल्याने अजून कोणी फारसं जात नाही. त्यात काहीच नाही. पाण्याखालचे तपकिरी गोटे, मधे एक फांदी अडकलेली, डाव्या कोपऱ्यात खंड्या आहे पण तो हललेला आहे. छापण्यासारखा नाही हे मलाही कळतं. तरी पाठवते.

आपली,
एक जुनी वाचक आणि गळवाली